पोत्यातले पिल्लू आणि दारातला म्हातारा



मागे एकदा औशाच्या कार्यालयात बसून दोघा-तिघांना सोयाबीनच्या बियाण्याची उगवण घरच्या घरी कशी तपासावी ते सांगत होतो. गोणपाट ओले करून, शंभर दाणे मोजून, नेहमीचेच. तेवढ्यात ओळखीचे एक शेतकरी आत आले. हातात युरियाचे रिकामे पोते, तोंड सुतळीने बांधलेले, आणि पोते आपले आपणच हलते आहे.

"साहेब, जरा बगा बरं. जात कशी हाय?"

पोते सोडले. आत मूठभर पिल्लू. पाय लटपटत होते, अंगाला युरियाचा वास, आणि आवाज असा की ऐकवेना.

"किती दिवसांचे आहे हो?"

"असंल की पंचवीस-तीस दिसाचं. लहानपणीच आणलं की माणसाला लळा लागतोय म्हणत्यात."

"आणि घरचा कुत्रा आहे ना तुमचा?"

"त्यो म्हातारा झाला साहेब. भुंकत बी नाही धड. त्याला बाजारच्या दिवशी तिकडंच सोडून यावं म्हणून इचार हाय."

दोन वाक्यांत दोन चुका झाल्या. एक पिल्लाच्या बाबतीत, दुसरी म्हाताऱ्याच्या. या दोन टोकांमध्ये कुत्र्याचे सगळे आयुष्य असते आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो. बैलाचा पोळा असतो, गायीची वसुबारस असते. कुत्रा रात्रभर जागतो आणि सकाळी त्याला पाण्याची वाटीदेखील भरलेली मिळत नाही. म्हणून आज कुत्र्याविषयी लिहितो आहे.

आधी सांगतो, मी जनावरांचा डॉक्टर नव्हे. माझे शिक्षण शेतीचे. पण विस्ताराचे काम करणाऱ्याला कोणत्याही गावात शेतकऱ्याच्या आधी त्याचा कुत्रा भेटतो. एवढ्या वर्षांत तीनदा चावून घेतले आहे आणि इंजेक्शनेही घेतली आहेत. त्यामुळे या विषयावर बोलण्याचा थोडा हक्क मला आहे असे समजतो.

तर ते पंचवीस दिवसांचे पिल्लू. पिल्लाचे डोळे उघडतात दहा ते चौदा दिवसांनी. तिसऱ्या आठवड्यात ते चालू लागते, चौथ्या आठवड्यात दुधाबरोबर मऊ अन्न चाटू लागते. पण खरे शिक्षण सुरू होते ते यानंतर. पिल्ले आपसात झोंबतात, एकमेकांचे कान धरतात. कोणी जोरात चावले की दुसरे ओरडते आणि खेळ मोडतो. आईचे सड जोरात धरले की आई गुरकावते, उठून निघून जाते. दात किती लावायचा हे पिल्लू असे शिकते, आणि हे शिक्षण माणसाला देता येत नाही. पंचविसाव्या दिवशी उचललेले पिल्लू हा धडा न शिकताच घरी येते. मग सहा महिन्यांनी लेकराच्या हाताला दात लागतो आणि आपण म्हणतो, कुत्रा द्वाड निघाला. कुत्रा द्वाड निघालेला नसतो, त्याची शाळा आपणच बुडवलेली असते.

पिल्लू दोन महिन्यांचे, निदान सात-आठ आठवड्यांचे झाले की आणावे. पोत्यातून आणू नये. पाटीत गोणपाट टाकून, आईच्या अंगाखालच्या फडक्याचा एक तुकडा बरोबर घेऊन आणावे. त्या वासाने पहिल्या दोन रात्री पिल्लू कमी रडते.

आता जातीविषयी. आपल्या लातूर जिल्ह्याला या बाबतीत मान आहे. चाकूर तालुक्यातल्या जानवळची पश्मी कुत्री लांबलांबची माणसे शोधत येतात. लांब तोंड, खपाटीला गेलेले पोट, उंच पाय, आणि कानांवर, पायांवर, शेपटीवर रेशमासारखे केस. 'पश्म' म्हणजे फारसीत लोकर. पश्मिना शालीतला पश्म तोच. याच बांध्याचा आखूड केसांचा तो आपला कारवानी. सीमेपलीकडे कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात मुधोळ आहे. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही कुत्री हौसेने जोपासली, म्हणून तिकडे तिला मुधोळ हाउंड हे नाव मिळाले. भारतीय टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत मुधोळही होता. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते, तिथे घोडे, गाढवे, बैल यांच्याबरोबर कुत्र्यांचेही प्रदर्शन असते. ते साहजिकच आहे. खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतोच, आणि त्याचे वाघ्ये देवापुढे कुत्र्यासारखे भुंकत आले आहेत.

पण माझे स्पष्ट मत असे की, शेतातल्या कोठ्यावर राखणीला कारवानी नको, आपले गावरान बरे. कारवानी हा नजरेवर धावणारा कुत्रा. लांबवर काही हलले की निघाला. मग ना मालकाची हाक ऐकू येते, ना रस्त्यावरची मोटार दिसते. त्याला रोज मोकळे धावणे लागते आणि बांधून ठेवला की तो झुरतो. शिवाय पूर्वी त्याच्यामागे सशांची, हरणांची शिकार चाले, ती आता १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आपल्या माळावर काळवीट आहेत. कुत्रा त्यांच्या मागे सोडला आणि वनखात्याने धरले तर कुत्र्याला नव्हे, तुम्हाला नेतील. हौस असेल, वेळ असेल, तर पश्मी जरूर पाळा, त्याच्यासारखे देखणे जनावर नाही. राखण हवी असेल तर गावातल्याच एखाद्या शांत, अंगाने धड अशा कुत्रीचे पिल्लू घ्या. आई कशी आहे ते आधी पाहा. आई अनोळखी माणसाला पाहून भुंकते पण मालकाने "गप" म्हटले की गप्प बसते, अशा घरचे पिल्लू सहसा फसवत नाही.

पिल्लाचे खाणे सोपे आहे, पण आपण ते बिघडवतो. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा थोडे थोडे, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोन वेळा. ज्वारीची भाकर ताकात किंवा वरणाच्या पाण्यात कुस्करून चालते, पण नुसत्या भाकरीवर हाड वाढत नाही. उकडलेले अंडे, शिजवलेली डाळ, शिजवलेले मांस यांपैकी जे परवडेल ते रोज थोडे पाहिजे. सोयाबीन आपल्या घरी पोत्यांनी असते, ते द्यायला हरकत नाही, पण भिजवून नीट शिजवून द्यावे. कच्च्या सोयाबीनमधले काही घटक पचनाला आडवे येतात, हे कोंबड्यांच्या खाद्याच्या निमित्ताने आपण पूर्वी वाचलेच आहे. तिखटाचा रस्सा, कांदा-लसूण घातलेली भाजी कुत्र्याला नको. कांद्याने त्याचे रक्त कमी होते. कोंबडीची शिजलेली हाडे नकोत, ती फुटून टोकदार होतात आणि आतड्यात रुततात. आणि आपल्या औशाच्या भागात द्राक्षबागा आहेत म्हणून मुद्दाम सांगतो, द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. छाटणीच्या, विरळणीच्या वेळी खाली पडलेल्या घडांवर कुत्रा सोडू नका.

कंदुरीचे बोकड कापले की फुफ्फुस, काळीज, आतडी कुत्र्यापुढे कच्ची टाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती बंद करायला हवी. शेळ्या-मेंढ्यांच्या काळजात, फुफ्फुसात पाण्याच्या फोडांसारख्या गाठी कधी कधी दिसतात. त्या एका जंताच्या असतात. कुत्र्याने त्या खाल्ल्या की त्याच्या पोटात बारीक पट्टजंत होतो, त्याची अंडी विष्ठेतून अंगणात पडतात आणि लेकरांच्या हातातून त्यांच्याच पोटात जातात. मग माणसाच्या काळजात तशीच गाठ होते आणि ती काढायला मोठी शस्त्रक्रिया लागते. टाकायचेच असेल तर शिजवून टाका, नाहीतर खोल पुरा. जंताचे औषध पिल्लाला दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी दोन-तीन महिन्यांचे होईपर्यंत, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, पुढे दर तीन महिन्यांनी. मात्रा वजनावर असते, म्हणून दवाखान्यात विचारूनच द्यावी. शेळीला आणलेली बाटली अंदाजाने कुत्र्याला पाजू नये.

आता लसीचे. इथे मला थोडे थांबावे लागेल.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे असलेल्या एका गावात एका सालगड्याचा मुलगा होता, आठ-नऊ वर्षांचा. मी गेलो की मोटारसायकलची किल्ली मागायचा. एका पिल्लाने खेळताना त्याच्या पोटरीला ओरखडा काढला. पिल्लूच ते, असा काय चावा असणार! आईने जखमेवर तिखट भरले, कोणी चुना सांगितला, शेजारच्या गावच्या एका माणसाकडून मंतरलेले पाणी आणले. जखम चार दिवसांत भरली. पिल्लू मेले, कोणाच्या लक्षात राहिले नाही. दोन महिन्यांनी मुलाला ताप आला, घशाखाली पाणी उतरेना, तांब्या पाहिला की अंग ताठ व्हायचे. मोठ्या दवाखान्यात नेले तेव्हा डॉक्टरांनी बापाला बाहेर बोलावून सांगितले की आता काही करता येत नाही. मी त्या घरी नंतर गेलो होतो. आई म्हणाली, "ओरखडाच होता वो साहेब." त्यावर मला काही बोलता आले नाही.

पिसाळलेपणाची लक्षणे एकदा दिसली की मरण जवळजवळ ठरलेले असते. पण लक्षणे दिसण्यापूर्वी लस घेतली तर हा रोग टळतो. १८८५ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चरने पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला लस दिली आणि तो जगला. तेव्हापासूनचे हे ज्ञान आपल्या गावापर्यंत पोचायला तिखट-चुना आडवा येतो आहे.

म्हणून कुत्र्याने चावा घेतला, ओरखडले, किंवा फुटलेल्या कातडीला चाटले तरी सगळ्यात आधी वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे जखम धुवा. घड्याळ लावून पंधरा. तिखट नाही, चुना नाही, हळद नाही, पट्टी बांधणे नाही. मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना. पहिली सुई त्या दिवशी, पुढे तिसऱ्या, सातव्या दिवशी अशा क्रमाने डॉक्टर सांगतील तितक्या. रक्त आले असेल तर जखमेत भरायचे वेगळे औषध असते, ते नक्की विचारा. पोटात चौदा सुया घ्याव्या लागतात या भीतीने अजून म्हातारी माणसे मागे सरतात. त्या जुन्या लसीचे दिवस २००५ च्या सुमारासच संपले. आता सुया दंडात घेतात. लक्षात ठेवा, पिल्लूसुद्धा पिसाळलेले असू शकते.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्याच्या घरची. गाय-म्हैस एकाएकी खायची थांबली, लाळ गाळते आहे, विचित्र हंबरते आहे, की आपण म्हणतो घशात काही अडकले, आणि कोपरापर्यंत हात घालतो. कुत्रा चावलेले जनावरही असेच करते. अशा वेळी हात घालू नका, डॉक्टरांना बोलवा. तिचे दूध कोणी कच्चे प्याले असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

कुत्र्याला ही लस तीन महिन्यांचा झाला की द्यायची, डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी मात्रा आणि मग दर वर्षी. दर वर्षी म्हणजे दर वर्षी. त्याच्या आधी सहा-आठ आठवड्यांपासून गॅस्ट्रो, डिस्टेंपर वगैरे रोगांची लस असते. रक्ताची हगवण लागून दोन दिवसांत पिल्ले मरतात, तो पार्व्हो रोग तिने टळतो. लस दुकानातून आणून देणार असाल तर थर्मासात बर्फ घालून आणा. मे महिन्यात सदऱ्याच्या खिशातून आणलेली लस आणि उन्हात ठेवलेले रायझोबियमचे पाकीट, दोन्हींची किंमत सारखीच. आत जिवंत वा कामाचे काही उरत नाही आणि आपण समजतो की काम झाले.

आता शिकवणीकडे वळतो. तिसऱ्या आठवड्यापासून साडेतीन महिन्यांपर्यंत पिल्लू जे जे शांतपणे पाहते ते ते त्याला आपले वाटते. जे पाहत नाही त्याला ते पुढे जन्मभर भिते, आणि भिणारा कुत्राच चावतो. म्हणून या दिवसांत त्याला घरातली वासरे दाखवा, कोंबड्या दाखवा, ट्रॅक्टर, मळणी यंत्र, घोंगडे पांघरलेला माणूस, काठी टेकणारी आजी, सायकलवरचा पोस्टमन, सगळे दाखवा. लसी पुऱ्या होईपर्यंत गावात खाली सोडू नका, कडेवर घेऊन फिरवा. लोक हसतील, हसू द्या. देवणीच्या वासराजवळ पिल्लू नेताना दोघांच्या मध्ये आपण बसावे. पिल्लू वासराच्या पायाशी धावले तर उचलून बाजूला, गप्प बसले तर भाकरीचा तुकडा. आठ दिवस असे केले की ते गोठ्यात झोपू लागते.

गोऱ्ह्याला कोणी एकदम नांगराला जुंपत नाही. आधी कासरा, मग मोकळे जू, मग हलके लाकूड, आणि बरोबर शिकलेला बैल. कुत्र्याचेही तसेच. आधी त्याचे नाव. नाव घेतले आणि वळून पाहिले की तुकडा. मग 'ये', मग 'बस', मग 'थांब'. एका वेळी पाच मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा, पोट भरायच्या आधी. शब्द घरातल्या सगळ्यांनी एकच वापरावा. बाप 'बस' म्हणतो, पोरगा 'सीट' म्हणतो आणि आजी 'हाड' म्हणते, अशा घरात कुत्रा कोणाचेच ऐकत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही.

शाबासकी त्याच क्षणी द्यायची. रागही त्याच क्षणी, आणि तोही आवाजातून, काठीने नव्हे. सकाळी चप्पल फाडली म्हणून संध्याकाळी मारलेला कुत्रा एवढेच शिकतो की हा माणूस घरी आला की मारतो. सकाळी तास वाकडे गेले म्हणून कोणी संध्याकाळी दावणीला जाऊन बैलाला मारत नाही. चौथ्या ते सहाव्या महिन्यांत दुधाचे दात पडून पक्के येतात, तेव्हा त्याचे तोंड शिवशिवते. सुताचा जाड दोर किंवा मोठे गाजर चघळायला द्यावे, चपला वाचतात.

पोरांना एका गोष्टीची सक्त मनाई करा. पिल्लाला 'छू' शिकवायचे नाही. तीन महिन्यांचे पिल्लू 'छू' म्हटल्यावर कोंबडीमागे धावते, सगळे हसतात. दीड वर्षांचा झाल्यावर तोच कुत्रा मोटारसायकलवाल्याच्या पोटरीला लागतो, तेव्हा कोणी हसत नाही. राखणदाराचे काम भुंकून माणसाला उठवणे, एवढेच. रानडुकराच्या अंगावर सोडलेला कुत्रा बहुधा पोट फाडून घेऊनच परत येतो. आणि डुकरांसाठी कुंपणात वीज सोडणाऱ्यांना तर काय सांगावे! त्या तारेला कुत्राही चिकटतो आणि पाणी द्यायला निघालेला भाऊही.

शिकवणी बापाने द्यावी अशी आपली समजूत असते, पण माझ्या पाहण्यात कुत्रा सर्वांत जास्त ऐकतो तो भाकर घालणाऱ्या बाईचे. तिने भाकर टाकण्याआधी रोज फक्त 'बस' म्हणावे, बसला की टाकावी. वेगळी शाळा लागत नाही. भगिनींनो, हे तुम्ही चार दिवस करून पाहा.

आठव्या-नवव्या महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतचा काळ सर्वांत अवघड. कुत्रा वयात येतो, भटकू लागतो, शिकलेले विसरल्यासारखे करतो. इथेच आपल्याकडे साखळी येते. हातभर साखळी, खुंटा, ऊन-पावसात तोच चार फुटांचा गोल. तीन वर्षांत कुत्रा त्या गोलाबाहेरच्या प्रत्येकाचा वैरी होतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात आखूड किंवा जड साखळीने फार वेळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे, आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे न फिरवणे हासुद्धा. हे फार थोड्यांना ठाऊक असते. बांधावे लागतेच, ते मी समजतो. मग असे करा. लिंबाच्या दोन झाडांमध्ये डोक्याच्या वर जाड तार ओढा, तारेत कडी, कडीला दोर. कुत्रा पंधरा-वीस हात येऊ-जाऊ शकतो, सावलीतही जातो. सकाळ-संध्याकाळ बांधावरून एक चक्कर बरोबर न्या. पाणी नेहमी हाताशी, आणि ते जनावरांच्या हौदाएवढे उंच नको. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यातसुद्धा सावलीत फुटक्या माठाचे खापर भरून ठेवणारी घरे मी पाहिली आहेत.

कुत्री पाळली असेल तर पहिला माज सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत केव्हाही येतो आणि तीनेक आठवडे टिकतो. गाभण काळ साधारण त्रेसष्ट दिवस. पिल्ले पाजताना ती थरथरू लागली, पाय ताठ झाले, धापू लागली तर अंगातला चुना कमी झालेला असतो. त्याच तासाला डॉक्टर पाहिजे, बाहेरची बाधा शोधत बसू नये. पिल्लांना घरे मिळणार नसतील तर शस्त्रक्रिया करून घ्यावी. पिल्ले पोत्यात भरून नाल्याकाठी सोडण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

कामाच्या वर्षांत कुत्र्याला दोन शत्रू, गोचीड आणि आपली औषधे. गोचिडाने ताप येतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येते. त्यावर उपाय म्हणून पिकावरचे कीटकनाशक कालवून कुत्र्याला अंघोळ घालणारे लोक आहेत. गोचीड मरतात आणि कुत्राही मरतो. थायमेटवर २०२० अखेर बंदी आली, पण जुने डबे अजून कोठ्यात दिसतात. उंदरांसाठी झिंक फॉस्फाईड घातलेल्या पिठाच्या गोळ्या आणि फवारणीच्या टाकीतले उरलेले पाणी यांनी किती कुत्री गेली याला हिशेब नाही. गोळ्या बिळात खोल घाला, तोंड लिंपा, आणि सकाळी मेलेले उंदीर गोळा करून पुरा.

सात-आठ वर्षांचा झाला की कुत्रा उतरणीला लागतो. डोळ्यात पांढरट झाक, ऐकू कमी, थंडीत उठताना मागचे पाय धरतात, दात झिजतात. त्याला भाकर ताकात भिजवून मऊ द्यावी, जंताचे औषध आणि लस चालू ठेवावी, मार्गशीर्ष-पौषात खाली पोते टाकावे. पाण्याची जागा बदलू नये, आंधळा कुत्रा पावले मोजून पाण्यापर्यंत जातो. बाजारात सोडलेला म्हातारा कुत्रा तिथल्या कुत्र्यांच्या टोळीत चार दिवस टिकत नाही. वर सांगितलेल्या कायद्यात असे सोडून देणेही येते.

त्या शेतकऱ्यांना मी हे सगळे सांगितले नाही. एवढेच म्हटले, "मामा, पिल्लू आजच्या आज त्याच्या आईकडे नेऊन घाला. महिन्याने परत आणा. आणि म्हाताऱ्याला सोडू नका, पिल्लाला शिकवायला तोच पाहिजे. तुम्ही नवा गोऱ्हा जुन्या बैलाशेजारीच जुंपता ना?"

ते काही बोलले नाहीत. पोत्याला सुतळी बांधायला लागले, मग थांबले, पोते तिथेच टाकले आणि पिल्लू टॉवेलात गुंडाळून निघाले.

येळवशीला, आमच्याकडे वेळ अमावास्येला म्हणतात ती, त्यांच्या शेतात जेवायला गेलो. पिल्लू आता तीन महिन्यांचे झाले होते, लस दिल्याचा कागद मामांनी मुद्दाम आणून दाखवला. आंबील पिऊन झाली, पोरे बांधावर पळाली. पिल्लू कडब्याच्या खोपीतल्या पूजेकडे नाक खुपसायला निघाले तसा कडेला पडलेला म्हातारा मान न उचलता एकदाच गुरकावला. पिल्लू जागच्या जागी बसले.

मामी पातेल्यातली भज्जी ढवळत म्हणाल्या, "भुंकत न्हाई म्हणत व्हते तुमचे मामा. भुंकायचं काम आता त्या बारक्याचं हाय. ह्यो मुकादम झालाय."